बेळगावात दुकान घालताय? वही कोण लिहिणार आणि सही कोण करणार, ते आधी ठरवा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात नवं दुकान घालणाऱ्याला पहिला सल्ला ठरलेला असतो: "एक चांगला सीए बघून ठेवा." सल्ला खोटा नाही, पण अर्धाच आहे. सीए तुमचे कागद महिन्यातून एकदा बघणार, कुणी तर तीन महिन्यांनी. त्याच्या टेबलावर जे पोचतं ते गल्ल्याशेजारी बसलेल्या माणसानं रोज लिहिलेलं असतं. आपल्याकडे तर सकाळी चंदगडचं गिऱ्हाईक, दुपारी सावंतवाडीचं, संध्याकाळी म्हापशाहून फोन. तिघांची बिलं एकसारखी होत नाहीत, आणि ती करताना सीए शेजारी उभा नसतो. म्हणून सीमाभागात हिशेब लिहिणारा माणूस निवडायला सीए निवडण्याइतकाच वेळ द्यावा, असं माझं मत आहे.

माणसं ओळखा

पूर्वी पेढीवर दिवाणजी असायचे. कीर्द, खतावणी, वसुलीची आठवण, कुणाला उधार द्यायचं नाही याची कानात सूचना, सगळं एकाच माणसाकडे. आता ते काम चौघांत वाटलं गेलंय. आपण मात्र चौघांनाही "अकौंटंट"च म्हणतो, आणि मग प्रत्येकाला वाटतं की अमुक काम दुसरा करतोय.

पहिला, हिशेब लिहिणारा, म्हणजे बुककीपर. खरेदी-विक्रीची बिलं टॅलीत चढवणं, रोजमेळ (रोजच्या रोखीचा जमाखर्च) घालणं, बँकेच्या पासबुकाशी ताळा करणं, उधारीची यादी ताजी ठेवणं हे याचं काम. बहुतेक ठिकाणी बी.कॉम. झालेला मुलगा किंवा मुलगी असते, किंवा दोन-तीन दुकानं सांभाळणारा अर्धवेळ माणूस. (टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, आपल्याच राज्यातलं, बेंगळुरूच्या १९८६ पासूनच्या कंपनीचं. त्यामुळे शिकवणारे क्लास गल्लोगल्ली सापडतात. टॅली येते याचा अर्थ हिशेब येतो असा मात्र नव्हे.)

दुसरा, अकौंटंट. तो नोंदींच्या वर बसतो. तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाक्यांची यादी) जुळते का, घसारा (यंत्र-फर्निचरची झीज) किती धरायचा, मार्चअखेर कुठलं देणं राहिलं, नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद काय सांगतात, हे तो बघतो. लहान दुकानाला वेगळा अकौंटंट परवडत नाही. ते काम सीएच्या ऑफिसातला माणूस करतो.

तिसरा, कर सल्लागार किंवा जीएसटी प्रॅक्टिशनर. रिटर्न भरणं, नोटिशीला उत्तर देणं. जुन्या बाजारात अजून त्यांना "सेल्सटॅक्सवाले" म्हणतात. चांगला कर सल्लागार सोनं असतो, पण आयकराच्या ऑडिटवर त्याची सही चालत नाही.

ती सही चौथ्याची, सीएची. १९४९च्या कायद्याखाली स्थापन झालेल्या सीएंच्या इन्स्टिट्यूटचा (आयसीएआय) तो सदस्य असतो आणि प्रॅक्टिससाठी त्याच्याकडे वेगळा परवाना लागतो. त्यानं सही केलेल्या दाखल्यावर किंवा ऑडिट रिपोर्टवर १८ अंकी यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक, असतो. हा नंबर इन्स्टिट्यूटच्या पोर्टलवर टाकून कुणालाही पडताळता येतो. बँकेच्या कर्जासाठी कुणी "सीएचं सर्टिफिकेट आणून देतो" म्हणालं, तर नंबर टाकून बघा. दोन मिनिटांचं काम.

आणि जबाबदारी? ती यातल्या कुणाचीच नाही. रिटर्न चुकलं की नोटीस तुमच्या नावावर येते, दंड तुमच्या खात्यातून जातो.

दुकान उघडण्याआधीचा एक निर्णय

चालू खातं, पॅन, महापालिकेचा परवाना ही कामं सरळ आहेत. अडतं ते जीएसटीपाशी.

फक्त माल विकणाऱ्याला कर्नाटकात वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. सेवा देणाऱ्याला ही मर्यादा २० लाख. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. पुढचं वाक्य मात्र बेंगळुरूच्या दुकानदाराला फारसं लागत नाही म्हणून कुणी सांगत नाही: करपात्र माल राज्याबाहेर विकायचा असेल तर ही ४० लाखांची सवलत मिळत नाही. पहिल्या बिलापासून नोंदणी हवी. बेळगावातून शिनोळी म्हणजे एका चहाचं अंतर, पण ते महाराष्ट्र.

दुसरं, कंपोझिशन, म्हणजे लहान व्यापाऱ्यांसाठी जीएसटीची सोपी योजना. उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर व्यापाऱ्याला एक टक्का भरून मोकळं होता येतं, दर महिन्याची कटकट नाही. नवख्याला हे फार आवडतं. पण कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून घेता येतो, तिकडे विकता येत नाही. रविवार पेठेत ठोक दुकान घालणाऱ्याचं निम्मं गिऱ्हाईक चंदगड-आजऱ्याचं असेल, तर कंपोझिशन घेऊन त्यानं स्वतःच्याच दाराला कुलूप लावलं म्हणायचं. शिवाय कंपोझिशनमध्ये गिऱ्हाईकाकडून कर वेगळा घेता येत नाही आणि खरेदीवरच्या कराची वजावटही मिळत नाही. अनगोळात किराणा किंवा कुंद्याचं लहान दुकान, गिऱ्हाईक सगळं गल्लीतलं, अशाला ते ठीक.

हा निर्णय बुककीपरवर सोडायचा नाही. सीए किंवा कर सल्लागारासमोर बसा आणि एकच गोष्ट खरी सांगा: माल कुठल्या गावांना जाणार आहे.

तिसरं, दोन्हीकडे पाय ठेवणाऱ्यांसाठी. बेळगावात दुकान आणि शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत गोदाम किंवा युनिट, असं पुष्कळांचं असतं. पॅन एकच असला तरी जीएसटीच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. दोन नोंदण्या, दोन रिटर्न, आणि स्वतःच्याच गोदामातून स्वतःच्याच दुकानात माल आणला तरी कर लावून बिल. आयकराला मात्र सगळं मिळून एकच. टॅलीत हे सुरुवातीलाच नीट मांडून घ्या. वर्षभरानं वेगळं करायला बसलात तर बुककीपर नोकरी सोडून जाईल.

बिल: पहिले दोन आकडे

जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा. पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. २९ कर्नाटक, २७ महाराष्ट्र, ३० गोवा. नव्या माणसाला पहिल्या दिवशी एवढं पाठ करून घ्या.

माल कर्नाटकातच राहणार असेल तर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा), निम्मा-निम्मा. राज्याबाहेर जाणार असेल तर आयजीएसटी (आंतरराज्य कर). एकूण रक्कम तीच, म्हणून दुकानात कुणाला फरक जाणवत नाही. गिऱ्हाईक घाईत असतं, पोरगा म्हणतो, "सावकार, काल केलं तसंच करूया की." आणि २७ नंबरच्या व्यापाऱ्याला निम्मा-निम्मा कर लागून बिल जातं. पुढच्या महिन्यात तो फोन करतो की कराची वजावट मिळत नाही, बिल बदलून द्या. रिटर्न गेलेलं असेल तर योग्य कर पुन्हा भरायचा आणि चुकीचा भरलेला परत मागायचा. व्याज लागत नाही हे कायद्याचे उपकार, पण पैसे अडकतात आणि खेपा पडतात.

नोंदणी नसलेलं, घरगुती गिऱ्हाईक सीमेपलीकडून आलं तर? ऑक्टोबर २०२३ पासून नियम असा आहे की अशा गिऱ्हाईकाचा जो पत्ता बिलावर असेल, ते पुरवठ्याचं ठिकाण, आणि निम्मा-निम्मा की आयजीएसटी हे त्यावरून ठरतं. पत्ताच नसेल तर विकणाऱ्याचं ठिकाण. नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी तो पत्ता धरला जातो. म्हणजे काउंटरवर बसलेल्या मुलीनं "रा. तुडये, महाराष्ट्र" असं सहज लिहिलं, तर तिनं कराचा प्रकार ठरवला. तिला ते ठाऊक असलं पाहिजे. नोंदणी असलेला २७चा व्यापारी स्वतःच्या टेम्पोतून माल उचलत असेल तर कसं धरायचं, हे सीएकडून एकदा लेखी घ्या आणि प्रत्येक बिलाला तेच करा.

माल ५० हजारांच्या वर असेल तर ई-वे बिल, म्हणजे गाडीतल्या मालासाठी पोर्टलवर काढायचा कागद. इथे उद्यमबागवाल्यांसाठी, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांसाठी, एक खास गोष्ट. कास्टिंग मशिनिंगसाठी कोल्हापूरकडे, शिरोली किंवा गोकुळ शिरगावला पाठवत असाल, तर ते जॉबवर्कसाठी (आपल्या मालावर दुसऱ्याकडून काम करून घ्यायला) राज्याबाहेर जातंय. अशा वेळी रक्कम कितीही कमी असो, ई-वे बिल लागतंच. "पंधरा हजारांचाच तर माल आहे" हे रस्त्यावर अडवणाऱ्या अधिकाऱ्याला पटत नाही. सोबत डिलिव्हरी चलन द्यायचं, आणि गेलेला माल परत आल्याची नोंद बुककीपरनं वेगळ्या रजिस्टरला ठेवायची. ही रजिस्टर बहुतेक ठिकाणी नसते.

निपाणीकडचे तंबाखूवाले आणि चंदगड-खानापूरकडचे काजूवाले यांचं बिल उलट्या बाजूनं चालतं. शेतकऱ्याकडून तंबाखूची पानं किंवा न सोललेलं काजू बी नोंदणीकृत व्यापाऱ्यानं घेतलं, तर कर घेणाऱ्यानं भरायचा. शेतकरी बिल देत नाही, म्हणून आपणच आपल्या नावे खरेदीचं बिल करायचं. हा कर वजावटीतून भागवता येत नाही, आधी रोख भरावा लागतो. वजावट त्यानंतर मिळते. हंगामात पन्नास-साठ शेतकऱ्यांचे काटे होतात आणि बुककीपर सगळ्यांचं मिळून एक आकडा टाकून मोकळा होतो. प्रत्येकाचं नाव, गाव, वजन, दर आणि पैसे कसे दिले, हे सुटं लिहून घ्या.

रोजमेळ, रात्री कुलूप लावण्याआधी

टॅली आहे म्हणून रोजमेळ बंद करू नका. एका साध्या दिवसाचा नमुना बघा. हार्डवेअरचं लहान दुकान आहे असं धरा.

सकाळची शिल्लक ४,२००. दिवसभराची रोख विक्री ११,८५०. जुनी उधारी वसूल ३,०००. जमा बाजू झाली १९,०५०. आता नावे बाजू, म्हणजे गेलेले पैसे: हमाली २५०, चहा ९०, बँकेत भरणा १२,०००, घरखर्चाला १,०००. एकूण १३,३४०. गल्ल्यात राहायला हवेत ५,७१०. मोजले तर ५,६१०.

शंभर रुपये कमी. नवा माणूस काय करतो, तर चहा ९०चा १९० करतो आणि घरी जातो. तसं करू द्यायचं नाही. पाच मिनिटं बसून आठवलं की सापडतं: दुपारी पाईप पोचवणाऱ्या रिक्षाला दिले होते. नाहीच सापडलं तर "रोख तफावत" असं नाव घालून शंभर लिहा आणि पुढं चला. महिनाभरात त्या खात्यावर काय साचतं यावरून दुकानात काय चाललंय ते कळतं.

घरखर्चाचे १,००० बघा. ते दुकानाच्या खर्चात जात नाहीत, मालकाच्या नावे पडतात. नवरा-बायको दोघं दुकानात बसत असतील तर हा नियम दोघांनाही लागू, आणि बुककीपरनं विचारलं तर रागावायचं नाही.

फोनवर येणारे पैसे हा याच गोष्टीचा दुसरा भाग. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्यानं यूपीआयच्या जमा रकमा बघून छोट्या दुकानदारांना नोटिसा काढल्या, तेव्हा बेंगळुरूत कितीतरी दुकानांवरचे क्यूआर कोड निघाले. कोड काढून काही होत नाही. त्या खात्यात मेव्हण्यानं परत केलेले हातउसने, भिशीचे पैसे आणि विक्री एकत्र असेल तर विक्री किती हे तुम्हालाच सिद्ध करता येत नाही. धंद्याचा क्यूआर चालू खात्याला जोडा, घरचा नंबर वेगळा. आणि रोजमेळात रोख विक्री, यूपीआय विक्री असे दोन रकाने पाडा.

रोखीच्या मर्यादा बुककीपरच्या टेबलासमोर भिंतीवर लावाव्यात. एका माणसाला एका दिवसात १० हजारांच्या वर रोख खर्च दिला तर तो आयकरात खर्च म्हणून धरला जात नाही. मालवाहतूकदाराला ही मर्यादा ३५ हजार. २० हजार किंवा जास्तीचं कर्ज रोखीनं घ्यायचं नाही, भावाकडूनही नाही. आणि एका गिऱ्हाईकाकडून दोन लाख किंवा त्यावर रोख घेतली तर तेवढाच दंड.

उधारी आणि देणी

सीमाभागातला धंदा उधारीवर उभा आहे. ओळख बघून माल जातो. उधारी द्या, पण दर सोमवारी बुककीपरकडून यादी घ्या: कुणाचे किती, किती दिवसांचे. वसुलीला फोन कुणी करायचा हेही ठरवा. तो बुककीपरनं करू नये असं मला वाटतं. ज्याच्या हातात वही, त्याच्याच हातात वसुलीची रोख, ही जोडी धोक्याची. माणूस प्रामाणिक असला तरी.

देण्याच्या बाजूनं दोन मुदती लक्षात ठेवायच्या. पुरवठादाराचं बिल १८० दिवसांत दिलं नाही तर त्यावर घेतलेली जीएसटीची वजावट व्याजासकट परत करावी लागते. आणि उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. त्यानंतर दिले तर तो खर्च ज्या वर्षी पैसे गेले त्या वर्षी धरतात. मार्चमध्ये ही यादी अकौंटंटला द्या.

पगाराचं थोडक्यात. कर्नाटकात महिना २५ हजार किंवा जास्त पगार असलेल्या नोकराचा व्यवसाय कर कापायचा. जीएसटी नोंदणी असलेल्या मालकाचा स्वतःचा वर्षाला २,५०० वेगळा. चंदगडहून रोज येणारा कामगार बेळगावच्या दुकानात काम करत असेल तर नियम कर्नाटकाचा. शिनोळीच्या युनिटला महाराष्ट्राचा: पुरुष कामगाराला ७,५०० च्या वर पगार गेला की कर लागतो, स्त्रियांना २५ हजारांपर्यंत माफ. दोन्ही हजेरीपट एकाच तक्त्यात ठेवले की हे हमखास चुकतं.

महिन्याचा फेरा

विक्रीचं विवरण, म्हणजे जीएसटीआर-१, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत. १४ तारखेला पोर्टलवर २बी दिसतं. तुमच्या पुरवठादारांनी तुमच्या नावे काय दाखवलंय ते त्यात असतं. २० तारखेपर्यंत ३बी (महिन्याच्या कराचं विवरण) आणि कर. पाच कोटींच्या आत उलाढाल असेल तर तीन महिन्यांनी विवरण भरण्याची सोय आहे, कर मात्र दर महिन्याला भरावा लागतो.

यात कुणाचं काय काम? १० तारखेच्या आत सगळी बिलं चढवून देणं बुककीपरचं. १४ ते १८ या दिवसांत २बी आणि आपली खरेदी समोरासमोर ठेवून जे बिल दिसत नाही त्याची यादी करणं हेही त्याचंच. त्या यादीतल्या व्यापाऱ्यांना फोन करणं तुमचं, कारण तुमच्या आवाजाला वजन असतं. भरणं सल्लागाराचं. आणि भरल्यावर चलन व पोचपावती मागून घेणं पुन्हा तुमचं. "भरलंय हो" एवढ्यावर समाधान मानू नका. पोर्टलवर स्वतः लॉगिन करून बघता येतं.

नोटीस, पत्रं यांची भाषा इथला वेगळाच विषय. जीएसटी आणि आयकराचं इंग्रजीत येतं, महापालिका आणि कामगार खात्याचं बहुधा कन्नडमध्ये. बुककीपर निवडताना त्याला कन्नड वाचता येतं का हे विचारा. भाषेच्या वादात तुमची बाजू कुठलीही असो, पत्रावरची शेवटची तारीख वाचता आली पाहिजे.

वर्षअखेर

पाडव्याला वहीपूजन करा, लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहा, पण वर्ष संपतं ३१ मार्चला. त्या संध्याकाळी मालाची मोजणी स्वतः उभं राहून करा. बुककीपर पुस्तकातली शिल्लक देईल आणि तीच मोजली असं लिहील. फळीवर काय आहे ते मालकालाच दिसतं. मग ताळेबंद सीएसमोर. उलाढाल एक कोटीच्या वर गेली की आयकराचं ऑडिट येतं. रोखीचे व्यवहार जमा आणि नावे दोन्हीकडे पाच टक्क्यांच्या आत असतील तर ही मर्यादा दहा कोटी. रोजमेळात यूपीआयचा रकाना वेगळा ठेवला असेल तर हे पाच टक्के एका मिनिटात निघतात.

ताळेबंद हातात आला की सही करण्याआधी तीन आकडे समजून घ्या: येणं किती, शिल्लक माल किती, मालकाची उचल किती. नफा दिसतोय आणि पैसा दिसत नाही, असं असेल तर तो या तिघांतच अडकलेला असतो.

चाव्या कुणाकडे

जीएसटी पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल तुमचाच द्या. नोंदणी करून देणारा सवयीनं स्वतःचा टाकतो, आणि माणूस बदलला की ओटीपी त्याच्या फोनवर जात राहतो. पासवर्ड एका वहीत, ती वही तुमच्या कपाटात. टॅलीची प्रत आठवड्याला पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह घरी. सही केलेला कोरा चेक कुणाकडेही ठेवायचा नाही. खरेदी-विक्रीची मूळ बिलं दुकानातच. सल्लागाराला फोटो किंवा झेरॉक्स. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून सहा वर्षं जपायचे असतात, तेव्हा उंदीर आणि बेळगावचा पाऊस पोचणार नाही अशी जागा बघा.

बुककीपर सोडून चालला तर त्याच्या शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. आठवडाभर आधी नव्या माणसाला त्याच्या शेजारी बसवा. त्या दिवसाची रोख शिल्लक, बँकेची शिल्लक आणि प्रत्येक पार्टीची बाकी छापून घेऊन त्यावर दोघांच्या सह्या घ्या, तारीख घाला, आणि त्याच संध्याकाळी पोर्टल, बँक, ई-वे बिल या तिन्हींचे पासवर्ड बदला.